शेरखानचा आवाज, यामातोचा आकार

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘द जंगल बुक’ लागू लागली. पेण-रोह्याच्या घरांत ती पाहणाऱ्या मुलांना मोगली आपल्यातलाच वाटत होता. तो हिंदी बोलत होता, त्याचे गाणे हिंदी होते आणि त्याचा वैरी शेरखान नाना पाटेकर यांच्या आवाजात गुरगुरत होता. नाना मूळचे रायगड जिल्ह्यातल्याच मुरुडचे. मालिका मात्र जपानी होती. पुढे २३ वर्षांनी, ८ एप्रिल २०१६ रोजी, डिस्नेचा ‘द जंगल बुक’ हा नवा चित्रपट भारतात आला. डिस्नेच्या लेखी तो त्यांच्याच १९६७च्या चित्रपटाचा नवा अवतार होता. इथल्या प्रेक्षकांनी मात्र तो दूरदर्शनच्या मालिकेशेजारी ठेवून पाहिला. जुन्या कलाकृतीचा रीमेक निघाला की चाहते काय शोधतात, कशाने दुखावतात आणि काय आनंदाने स्वीकारतात, हे या उदाहरणातून चांगले समजते. त्यासाठी आधी रीमेकच्या एका गाजलेल्या जपानी उदाहरणाकडे, ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या अंतराळमालिकेकडे, पाहावे लागते.

पडलेली मालिका आणि तिचे चाहते

‘यामातो’ ६ ऑक्टोबर १९७४ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. निर्माते योशिनोबु निशिझाकी आणि चित्रकथाकार लेइजी मात्सुमोतो ही तिच्यामागची दोन मोठी नावे. कथा २१९९ सालची आहे. गामिलास ग्रहाच्या किरणोत्सारी बॉम्बमाऱ्याने पृथ्वी होरपळली आहे, समुद्र आटले आहेत आणि मानवजातीच्या हाती एकच वर्ष उरले आहे. दुसऱ्या महायुद्धात ७ एप्रिल १९४५ रोजी बुडालेल्या ‘यामातो’ या युद्धनौकेच्या सांगाड्यातून अवकाशयान उभे राहते आणि पृथ्वीला वाचवणारे यंत्र आणण्यासाठी दूरच्या इस्कांदार ग्रहाकडे निघते.

ही मालिका पहिल्या खेपेला पडली. ३९ भागांची आखणी होती, पण प्रेक्षक कमी म्हणून २६ भागांतच ती गुंडाळावी लागली. रविवारी संध्याकाळी त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर ‘हायडी’ ही आल्प्सच्या डोंगरातल्या मुलीची मालिका लागत असे आणि घरोघर तीच पाहिली जाई. ‘हायडी’ करणाऱ्या चमूतूनच १९७५मध्ये निप्पॉन अॅनिमेशन ही संस्था उभी राहिली आणि याच संस्थेने पुढे मोगलीची मालिका काढली. यामातोला मागे टाकणारी माणसे आणि रायगडच्या मुलांपर्यंत मोगली पोहोचवणारी माणसे अशी एकाच परंपरेतली होती.

यामातोला जिवंत ठेवले ते चाहत्यांनी. त्यांनी मंडळे काढली, पुनःप्रक्षेपणाची मागणी लावून धरली. १९७७च्या ऑगस्टमध्ये मालिकेचे भाग जोडून चित्रपट आला तेव्हा तिकिटासाठी तरुणांनी रात्रभर रांगा लावल्या. कार्टून हा केवळ लहान मुलांचा विषय नाही, हे जपानमध्ये ठसवण्यात या रांगांचा मोठा हात होता. ज्या मालिकेचे पुनरुज्जीवन चाहत्यांनी केले, तिच्यावर आपला हक्क आहे असे चाहत्यांना वाटणे स्वाभाविक होते. रीमेकवरच्या तीव्र प्रतिक्रियांचे मूळ बहुतेक वेळा या हक्काच्या भावनेत असते.

२१९९चा नवा अवतार

‘यामातो २१९९’ हा रीमेक दिग्दर्शक युताका इझुबुची यांनी केला. त्याचे पहिले भाग ७ एप्रिल २०१२ रोजी, मूळ युद्धनौका बुडाल्याच्या तारखेलाच, चित्रपटगृहांत दाखवले गेले. पुढच्या वर्षी २६ भागांची ही मालिका दूरचित्रवाणीवर आली. २०१४मध्ये तिला जपानी विज्ञानकथा-चाहत्यांचा सेइउन पुरस्कार मिळाला. म्हणजे चाहत्यांनी तिला एकूण पसंती दिली. तरीही वाद झाले, आणि ते नेमके कशावर झाले हे पाहण्यासारखे आहे.

पहिला मुद्दा आकाराचा. जुन्या मालिकेत यानाची लांबी २६५.८ मीटर होती. एवढ्या यानात जुन्या चित्रांत दिसणारे नियंत्रणकक्ष, विमानांचे तळ आणि मार्गिका माणसाच्या मापाने बसत नाहीत. नव्या मालिकेत लांबी ३३३ मीटर करण्यात आली. बाह्यरेषा मात्र जवळपास तीच ठेवली. माप बदलले, पण यान ओळखू आले, म्हणून हा बदल पचला. इस्कांदारचे अंतरही १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षांवरून १ लाख ६८ हजार झाले. इस्कांदार ज्या मोठ्या मॅगेलानिक मेघात आहे, त्याच्या खऱ्या अंतराच्या नव्या मोजणीशी हा आकडा अधिक जुळतो.

दुसरा मुद्दा पात्रांचा. जुन्या मालिकेत यानावरच्या प्रमुख पात्रांत मोरी युकी ही एकच स्त्री होती. नव्या मालिकेत वैमानिक, शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ अशा अनेक स्त्रिया आल्या. यामामोतो हे मूळचे पुरुषपात्र स्त्री झाले. काही जुन्या चाहत्यांना हे तरुण प्रेक्षकांच्या आवडीपुढे झुकणे वाटले, तर इतरांना चाळीस वर्षे राहून गेलेली उणीव भरून निघाल्यासारखी वाटली. दोन्ही बाजूंचे लोक जुन्या मालिकेवर प्रेम करणारेच होते.

तिसरा मुद्दा सर्वांत सुंदर आहे. १९७४च्या मालिकेत गामिलासचे सैनिक सुरुवातीला पृथ्वीवासीयांच्या वर्णाचे होते आणि मध्येच ते निळे झाले. निर्मितीच्या ओघात झालेला हा बदल होता आणि चाहते वर्षानुवर्षे त्यावर बोलत आले होते. नव्या लेखकांनी ही विसंगती पुसली नाही. फिकट कातडीचे ते सैनिक गामिलासने जिंकलेल्या दुसऱ्या ग्रहावरचे, साम्राज्यातले दुय्यम नागरिक आहेत, अशी कथा त्यांनी रचली. जुनी चूक नव्या कथेचा कणा झाली. आपण लक्षपूर्वक पाहिले होते याची पावती चाहत्यांना याहून चांगल्या रीतीने मिळणे कठीण.

पार्श्वसंगीताबाबत मात्र फारसा वाद झाला नाही. मूळ संगीतकार हिरोशी मियागावा यांचे चिरंजीव अकिरा मियागावा यांनी वडिलांच्या रचना जुन्या ध्वनिमुद्रणांवरून ऐकून पुन्हा लिहून काढल्या आणि नव्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. चित्र नवे, तंत्र नवे, पण सूर तोच. या धाग्याने जुना प्रेक्षक नव्या यानात येऊन बसला.

मोगलीचा लांबचा प्रवास

मोगलीचा निर्माता रुडयार्ड किपलिंग याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत असत. ‘द जंगल बुक’ १८९४ साली आणि त्याचा दुसरा भाग १८९५ साली प्रसिद्ध झाला. कथेतले रान सिवनीच्या परिसरातले आहे. पेंचचे हे अरण्य आज मध्य प्रदेशातून महाराष्ट्राच्या नागपूर जिल्ह्यातही पसरलेले दिसते.

निप्पॉन अॅनिमेशनने या पुस्तकावरून ५२ भागांची मालिका केली आणि ती १९८९-९०मध्ये जपानमध्ये दाखवली गेली. दिग्दर्शक होते फुमिओ कुरोकावा. दूरचित्रवाणीसाठीच्या जपानी कार्टूनमध्ये दर सेकंदाला २४ वेगळी चित्रे काढत नाहीत. एकच चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवतात, पार्श्वभूमी सरकवतात आणि बोलताना ओठांचे मोजके आकार आलटून-पालटून दाखवतात. खर्च वाचवण्यासाठी निघालेल्या या रीतीचा एक फायदा असा, की अशा चित्रावर दुसऱ्या भाषेतला संवाद सहज बसतो. मोगली हिंदीत इतका अस्खलित वाटला, त्याचे एक कारण हे आहे.

भारतात ही मालिका आणताना तिचे शीर्षकगीत बदलले गेले. नवे गीत गुलजार यांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी ते संगीतबद्ध केले. जपानमधल्या मुलांनी हे गाणे कधी ऐकलेच नव्हते. इथल्या मुलांच्या मनात मात्र मालिका म्हणजे आधी ते गाणे होते. त्या गाण्यातल्या फुललेल्या फुलाची आणि चड्डीची कल्पना मराठी घरांतल्या लहानग्यांनाही भाषांतराशिवाय कळत होती.

शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला. ‘परिंदा’, ‘प्रहार’, ‘तिरंगा’ या चित्रपटांनी तोवर तो आवाज देशभर पोहोचवला होता. तुटक वाक्ये, शब्दांमधले थांबे आणि दबलेला राग ही त्यांची लकब वाघाच्या तोंडी चपखल बसली. रायगडातल्या प्रेक्षकाला त्यात आणखी एक आपलेपणा होता. मुरुड रोह्याच्या नैर्ऋत्येला, समुद्रकाठी, याच जिल्ह्यात आहे.

त्या काळातल्या दूरचित्रवाणीचा विचार केल्याशिवाय या मालिकेची पकड कळत नाही. उपग्रह वाहिन्या नुकत्याच आल्या होत्या आणि छोट्या गावांतल्या बहुतेक घरांत दूरदर्शनच होते. अँटेना वाऱ्याने हलला की पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने कौलांवर किंवा गच्चीवर चढायचे आणि दुसऱ्याने खालून सांगायचे, असा उद्योग चाले. ज्यांच्याकडे टीव्ही नसे ती मुले शेजारी जात. भाग चुकला तर पुन्हा पाहायची सोय नव्हती. त्यामुळे चित्रापेक्षा आवाज आणि गाणे जास्त लक्षात राहिले. चित्र मुंग्यांमध्ये हरवत असे, पण आवाज बहुधा स्पष्ट येई. आठवड्याभर मुलांच्या तोंडी फिरायचे तेही गाणे आणि शेरखानचे बोलणे.

२०१६ची परीक्षा

जॉन फॅवरो दिग्दर्शित २०१६च्या चित्रपटात मोगलीचे काम करणारा नील सेठी हा मुलगा जवळपास एकटाच प्रत्यक्ष कॅमेऱ्यापुढे होता. भोवतालचे रान आणि प्राणी संगणकावर घडवलेले होते. त्या कामाचा मोठा भाग एमपीसी या कंपनीच्या बंगळुरूतल्या कलाकारांनीही केला आणि चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. भारतात तो अमेरिकेच्या एक आठवडा आधी प्रदर्शित झाला.

हिंदी आवृत्तीसाठी डिस्नेने दोन निर्णय घेतले. शेरखानसाठी पुन्हा नाना पाटेकर यांना बोलावले आणि गुलजार-विशाल भारद्वाज यांचे जुने शीर्षकगीत जाहिरातीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित करून घेतले. इरफान खान बल्लू झाले, ओम पुरी बघीरा, प्रियांका चोप्रा का नावाचा अजगर आणि शेफाली शाह लांडग्यांची आई रक्षा. मूळ इंग्रजी चित्रपटाशी त्या गाण्याचा काही संबंध नव्हता. तरीही भारतात ते गाणे ऐकूनच नव्वदच्या दशकातली मुले, आता आईबाप झालेली, आपल्या मुलांना घेऊन चित्रपटगृहात गेली. चित्रपटाने भारतात १८० कोटी रुपयांहून अधिक कमाई केली आणि तोवरच्या सर्व हॉलिवूडपटांना मागे टाकले.

प्रतिक्रिया मात्र सरसकट कौतुकाची नव्हती. मालिकेवर वाढलेल्यांना पहिला फरक कथेत जाणवला. जपानी मालिकेने किपलिंगच्या पुस्तकाप्रमाणे का अजगराला मोगलीचा वडीलधारा मित्र दाखवले होते. डिस्नेच्या परंपरेत तो मोगलीला भूल घालणारा शत्रू आहे. मालिकेतला बल्लू रानाचा कायदा शिकवणारा गुरू होता. चित्रपटातला बल्लू मधाला चटावलेला, आळशी, गमत्या. मालिकेच्या अखेरीस मोगली माणसांच्या वस्तीत जातो, तर २०१६च्या चित्रपटात तो रानातच राहतो. ५२ भागांत सावकाश मोठा झालेला मोगली पावणेदोन तासांत धावत सुटल्यासारखा काहींना वाटला. संगणकावर घडवलेल्या वाघाचा खरेपणा लहान मुलांना घाबरवील, म्हणून सेन्सॉर मंडळाने चित्रपटाला यू/ए प्रमाणपत्र दिले, त्यावरही चर्चा झाली. जुन्या रेखाटलेल्या शेरखानची भीती मुख्यतः आवाजात होती. नव्या शेरखानची भीती कातडीच्या प्रत्येक सुरकुतीत होती.

यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर २०१८मध्ये, अँडी सर्किस यांचा ‘मोगली’ नेटफ्लिक्सवर आला. हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज जॅकी श्रॉफ यांचा होता, माधुरी दीक्षित, अनिल कपूर, करीना कपूर आणि अभिषेक बच्चन यांचेही आवाज होते. हा चित्रपट काही बाबतींत पुस्तकाच्या गडद वळणाच्या अधिक जवळ जातो. पण त्यात जुने गाणे नव्हते आणि नाना नव्हते. २०१६सारखा कौटुंबिक उत्साह त्याच्याभोवती उभा राहिला नाही.

पुढे टाळेबंदीत एक वेगळाच प्रयोग घडला. दूरदर्शनने ८ एप्रिल २०२०पासून रोज दुपारी १ वाजता जुनी ‘जंगल बुक’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. या वेळी रीमेक नव्हता, मूळ मालिकाच होती. त्रिमितीय चित्रांना सरावलेल्या मुलांना हाताने काढलेल्या चित्रांची संथ चाल नवी होती. आईवडिलांना ती परिचित होती. एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर, जुने कोणते आणि नवे कोणते हे प्रत्येकाच्या वयावर ठरत होते.

रामायणाचा आवाज

आवाजाचे हे महत्त्व दुसऱ्या एका जपानी-भारतीय कलाकृतीतही दिसते. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी केलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा अॅनिमेशनपट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. राम मोहन हे मुंबईत काम केलेले भारतीय अॅनिमेशनचे आद्य कलावंत. २०१४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संगीत वनराज भाटिया यांचे होते आणि वसंत देव यांनी लिहिलेली संस्कृत गीते चित्रपटात होती. हिंदी आवृत्तीत अरुण गोविल राम, अमरीश पुरी रावण आणि निवेदक शत्रुघ्न सिन्हा होते.

२४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट चित्रे उजळून, नव्या हिंदी, तमीळ आणि तेलुगू डबिंगसह भारतातल्या चित्रपटगृहांत आला. एकही चित्र नव्याने काढलेले नव्हते. तरीही जुन्या चाहत्यांची खंत होती ती आवाजांची. टीव्हीवर ज्यांनी तो पाहिला होता, त्यांना अमरीश पुरींचा रावण हवा होता. उजळलेले रंग सर्वांना आवडले, पण ओळख पटायला आवाज लागतो, हे पुन्हा दिसले.

इथे जपानी आणि भारतीय चाहत्यांमधला महत्त्वाचा फरक स्पष्ट होतो. यामातोच्या जपानी चाहत्याच्या मनातली मूळ प्रत म्हणजे चित्र, कथा, आवाज आणि संगीत असे सगळे मिळून होते, म्हणून त्याने यानाच्या लांबीपासून सैनिकांच्या रंगापर्यंत सर्व काही तपासले. भारतीय प्रेक्षकाची मूळ प्रत दोन थरांची होती. खालचा थर जपानी चित्रांचा, वरचा थर मुंबईतल्या आवाजाचा आणि गाण्याचा. आपलेपणा वरच्या थराशी जडला होता. म्हणून जपानी चित्रांच्या जागी हॉलिवूडची चित्रे आली तरी २०१६चा मोगली आपला वाटू शकला आणि तीच जपानी चित्रे असूनही २०२५चे रामायण काहींना थोडे परके वाटले.

पेणचा साचा

जुन्याचे नवे करताना नेमके काय जपायचे, हा प्रश्न पेणला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पेण शहर आणि तालुक्यातली हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. मूळ मूर्ती कलाकार मातीत घडवतो. तिच्यावरून रबराचा साचा काढतात, साच्यातून मूर्ती निघतात, त्या वाळतात, घासून साफ होतात आणि मग रंगकाम होते. साचे सतत नवे येतात. ‘जय मल्हार’ ही मालिका लोकप्रिय झाली तेव्हा खंडोबाच्या वेषातल्या मूर्तींना मागणी आली, ‘बाहुबली’ गाजला तेव्हा त्या रूपातल्या मूर्ती निघाल्या. माध्यमही बदलत आले आहे : शाडू, पीओपी आणि पर्यावरणाच्या चिंतेने पुन्हा शाडू.

एवढे बदल होऊनही मूर्ती पेणची म्हणून ओळखली जाते ती डोळ्यांच्या आखणीवरून. मूर्ती सर्वांगाने रंगवून झाली की शेवटी अनुभवी हात बारीक कुंचल्याने डोळे आखतो. हे काम साच्यावर सोपवता येत नाही. घरी नेणारा भक्त मुकुट, सोंड, बैठक यांतला फरक आवडीने निवडतो, पण मूर्तीचे डोळे बोलत नसतील तर तो पुढच्या मूर्तीकडे वळतो.

रीमेकचेही असेच आहे. प्रत्येक जुन्या कलाकृतीत एखादी अशी खूण असते, जिच्यावर प्रेक्षकाची ओळख टेकलेली असते. यामातोत ती यानाच्या बाह्यरेषेत आणि मियागावांच्या सुरांत होती, मोगलीत ती एका गाण्यात आणि एका आवाजात. ही खूण सांभाळणाऱ्यांना चाहत्यांनी बाकीचे बरेच बदल करू दिले. यान मोठे झाले, वाघ संगणकावर जन्मला, अजगर मित्राचा शत्रू झाला, तरी पाहणारे आले. जिथे ती खूण हरवली, तिथे चित्रे तीच असूनही मन रमले नाही. चाहत्यांची तक्रार ऐकताना म्हणून नाराजीच्या आवाजापेक्षा तिच्या विषयाकडे पाहणे उपयोगाचे ठरते. कलाकृतीचे डोळे कुठे आहेत, हे बहुतेक वेळा तिथेच सापडते.